उंचीचा जमाखर्च

सह्याद्रीच्या रांगेला उत्तर टोकाशी जेथे फाटे फुटू लागतात आणि सेलबारी-डोलबारीच्या डोंगरओळी पूर्वेकडे खानदेशाच्या अंगाने पसरत जातात, त्या बागलाणात मोसम नदीच्या काठी नामपूर हे कसब्याचे गाव आहे. गावाची ख्याती कांद्याच्या बाजाराची, बोली अहिराणी, माती काळी आणि कसदार. आभाळ मात्र हात आखडून देणारे, कारण वर्षाचा पाऊस येथे पाचशे मिलिमीटरांच्या आगेमागेच घुटमळतो. ज्या डोंगरांतून ही नदी येते त्यांच्या पलीकडच्या उतारावर, डांगच्या रानात, याच्या सुमारे चौपट पाऊस कोसळतो, आणि या दोन टोकांच्या मध्ये साल्हेर उभा आहे. त्याची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातील किल्ल्यांत तो सर्वांत उंच आणि शिखरांत कळसूबाईच्या खालोखाल. नामपूरचे शिवार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आसपास असल्यामुळे या गावातून पहाटे निघून साल्हेरचा माथा गाठणारा मनुष्य एका दिवसात हजारभर मीटरांची उंची आणि दोन निराळ्या पर्जन्यमानांची सरहद्द ओलांडतो. पर्वताची उंची वाढत गेली म्हणजे त्यावरील जीवजाती कमी होतात, वाढतात, की केवळ बदलतात, हा जो प्राणिशास्त्रातला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे, तो आपल्या मुलखातल्या एखाद्या डोंगरावर पायांनी चालून पाहावा असे माझ्या मनात बरेच दिवस होते. आश्विन लागताच पाऊस उघडला, आणि नामपूरच्या एका स्नेह्यांकडे मी मुक्कामास गेलो.

हा वाद जेथून सुरू होतो ती कल्पना मोठी मनोहर आहे. स्वीडनचा लिनिअस याने १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले होते की सृष्टीच्या आरंभी विषुववृत्तावर समुद्राने वेढलेला एकच उत्तुंग पर्वत होता, त्याच्या पायथ्याला उष्ण, मध्यावर समशीतोष्ण आणि माथ्यावर हिमाचे हवामान होते, आणि म्हणूनच जगातील यच्चयावत प्राणी आपापल्या मानवेल त्या उंचीवर तेथे सुखाने नांदत होते. आमच्या पौराणिकांनी मेरूवर देव बसवले, लिनिअसने प्राणी बसवले. फरक असलाच तर तो रहिवाशांचा. पुढे १८०२ च्या जूनमध्ये हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझोवर चढला, आणि त्या चढाईतून १८०७ साली त्याने जो प्रसिद्ध नकाशा सिद्ध केला त्यात पर्वताचा उभा छेद काढून कोणत्या उंचीवर कोणत्या वनस्पती हे तर लिहिलेच, शिवाय कडेच्या रकान्यात कोणते प्राणी कोठवर आढळतात याचीही नोंद केली. वर जावे तसे जीवन विरळ होत जाते हा त्या चित्राचा ठसा विद्वानांच्या मनावर इतका खोल उमटला की पुढील दीडशे वर्षे तो सिद्धान्ताच्या इतमामाने मिरवला. मी वहीच्या पानावर तीन रकाने आखले ते हुम्बोल्टच्या धर्तीवरच. पहिला रकाना शिवाराचा, दुसरा उताराचा, तिसरा माथ्याचा.

पहिला रकाना भरायला फार दूर जावे लागले नाही. मोसमच्या काठची शेती शतकानुशतके फड पद्धतीने भिजत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि पाणी ज्याच्या त्याच्या वाट्याचे ज्याला त्याला पोचवण्यासाठी पाटकरी, राखणीला जागल्या. वरच्या बाजूला हरणबारीचे धरण झाल्यापासून त्या व्यवस्थेची घडी पुष्कळ बदलली, तरी ओल्या जमिनीची रेघ नदीबरोबर अजून धावते. त्या रेघेवर भल्या सकाळी गायबगळे, ढोकरी, धोबी, खंड्या, टिटवी, तारांवर वेडे राघू आणि कोतवाल, बाभळीवर खाटीक, कांद्याच्या चाळीच्या कुडावर चिमण्या, बांधावर सातभाईंची कटकट. पाट जेथे संपतो आणि जिराईत सुरू होते तेथून पन्नास पावलांवर पक्ष्यांची ही रेलचेल एकदम ओसरते, आणि चंडोल, गप्पीदास, एखादा नीलपंख एवढ्यावर भागवावे लागते. "जठे पानी, तठे समदं," असे माझे स्नेही आपल्या बोलीत म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवर बसलेल्या कोतवालाकडे बोट दाखवून पुढे चालू लागले. ते निवृत्त शिक्षक असल्यामुळे सूत्र सांगून उदाहरण देण्याची त्यांची सवय गेलेली नाही.

नामपुराहून जायखेडा, जायखेड्याहून ताहाराबाद आणि तेथून मुल्हेर हा रस्ता नदीला उलटा जातो. डाळिंबाच्या बागा, द्राक्षांचे मांडव, मग पुन्हा कांदा. उजव्या हाताला मांगी-तुंगीचे जोडसुळके. मुल्हेर म्हणजे बागुल राजांचे मयूरगिरी. येथे नारायणशाहाच्या आश्रयाने रुद्रकवीने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' रचले, आणि १६३८ मध्ये औरंगजेबाने हे राज्य मोगलांच्या दप्तरी जमा केले. एवढ्या लहान राज्याची एवढी मातबरी होती ती सुरत-बऱ्हाणपूर या पेठांना जोडणारा रस्ता त्याच्या दारातून जात होता म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकाला या वाटेवर पावलोपावली थांबावे लागेल. मला थांबवले ते एका बुलबुलाने.

नामपूर ते ताहाराबाद या सपाटीवर जो बुलबुल दिसतो तो लालबुड्या. काळसर अंगाचा, विस्कटलेल्या शेंडीचा, शेपटीखाली तांबडा, आणि स्वभावाने गावकरी. मुल्हेर मागे पडले, रस्ता डोंगरांच्या बेचक्यात शिरला, करवंदीच्या जाळ्या दाट होऊ लागल्या, आणि वाघांब्याच्या अलीकडे एका ओहोळाच्या काठावर शिपाई बुलबुल पहिल्यांदा दिसला. डोक्यावर टोकदार तुरा ताठ उभा, गालावर पांढऱ्या पार्श्वभूमीत लाल ठिपका, आणि आवाजात अशी तरतरी की जणू आताच पाहऱ्यावरून बदली होऊन आला आहे. त्या ओहोळापाशी दोघेही होते. लालबुड्या घाणेरीच्या झुडपावर, शिपाई उंबरावर. आणखी थोडे वर गेल्यावर लालबुड्या क्वचित, शिपाई अधिक. दख्खनच्या कोरड्या मुलखात एकाची वतनदारी आणि सह्याद्रीच्या ओल्या डोंगरांत दुसऱ्याची, हे पक्षिनिरीक्षकांना परिचित आहे. परंतु सनदेची हद्द नेमकी कोठे पडते हे रस्त्याच्या कडेला बसून पाहण्यात जो आनंद आहे तो पुस्तकात नाही. प्राण्यांची संख्या मोजणारे शास्त्र पुष्कळदा ही गोष्ट विसरते की उंचीबरोबर जाती केवळ घटत वा वाढत नाहीत, एकीची जागा दुसरी घेते. आणि बेरीज तीच राहिली तरी गाव निराळे झालेले असते.

वाघांब्याहून वर जाणारी वाट साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढते. बरोबर वाटाड्या म्हणून गावातला एक कोकणा गडी घेतला होता. माझ्या स्नेह्यांना तो गुरुजी म्हणत असे, आणि त्यांच्याबरोबर आलेला म्हणून मलाही. बोलणे बेताचे, नजर मात्र अशी की मी दुर्बीण डोळ्यांना लावीपर्यंत त्याचे पाहून झालेले असायचे. खिंडीच्या खालच्या उतारावर साग, ऐन, खैर, मधूनच आंबा, आणि घळींमध्ये अजून झुळझुळणारे पाणी. येथेच दुसरा रकाना असा झपाट्याने भरू लागला की समासात लिहिण्याची पाळी आली. एका घळीच्या तोंडाशी आम्ही दगडावर टेकलो असताना समोरच्या झाडीतून पाखरांचा एक मिश्र थवा सरकत आला. पुढे चष्मेवाल्यांची टोळी पानापानाची खालची बाजू तपासत. त्यांच्यामागे राखी वल्गुली, गोमेटांची जोडी, पिवळाधमक सुभग. खोडावर चढत जाणारा लहानगा सुतार. आणि या सगळ्यांच्या खाली शेपटीचा पंखा उघडून, मिटून, गिरक्या घेणारा नाचण. थव्याच्या कडेला एक कोतवाल होता, आणि त्याचे वर्तन मी निरखून पाहिले. बाकीच्यांनी पाने हलवली की त्यांतून उडालेला किडा हा अधांतरी टिपायचा. एकदा तर त्याने धोक्याची शीळ घातली, सारा थवा पानाआड झाला, आणि सुभगाच्या चोचीतून निसटलेली अळी यानेच उचलली. शिकरा आला असता तर त्याच शिळेने सर्वांचे प्राणही वाचले असते, तेव्हा हा पगार म्हणावा की लाच, याचा निवाडा मी करू शकलो नाही. घळीच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी खडकावरून घसरत होते तेथून, शीळकरी कस्तुराची ती अर्धवट विसरलेल्या गाण्यासारखी शीळ आली. पावसाळ्यात हा पक्षी तासन्‌तास गातो. आता ऋतू सरत आल्यामुळे दोन ओळी म्हणून गप्प झाला. खाली झाडीत रानकोंबडा आरवला, ओहोळातल्या दगडाखालून खेकड्याने नांगी बाहेर काढून पुन्हा आत घेतली, आणि शेजारच्या कोरड्या पानांवर एक लहानशी साप-सुरळी सळसळत निघून गेली.

हुम्बोल्टचे चित्र प्रमाण मानले तर या मधल्या टप्प्यावर खालच्यापेक्षा कमी जाती मिळायला हव्या होत्या. पण गेल्या तीस वर्षांत या चित्राचीच फेरतपासणी झाली आहे. डेन्मार्कचे कार्स्टन राहबेक यांनी १९९५ साली जगभरच्या पर्वतांवरील जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला, आणि जवळजवळ निम्म्या ठिकाणी जातींची संख्या पायथ्यापासून सरळ उतरत न जाता मध्यावर फुगते आणि मग घटते असे दाखवून दिले. गंमत अशी की पेरूमधील पक्ष्यांच्या ज्या अभ्यासाचा दाखला 'वर जावे तसे कमी' या सिद्धान्तासाठी पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे दिला जात होता, त्यात शोधाशोधीची मेहनत सगळ्या उंचीवर सारखी नव्हती, आणि ती सारखी धरून हिशेब केला की तेथेही मध्यावर फुगवटाच निघत होता. आपल्याकडे सिक्कीममध्ये पक्ष्यांची रीतसर मोजणी झाली, तेव्हा सर्वाधिक जाती सुमारे दोन हजार मीटरांवर मिळाल्या. तळाच्या दऱ्यांत नव्हे आणि हिमरेषेजवळ तर नव्हेच.

फुगवटा मध्यावरच का, याला एक उत्तर असे आहे की त्यात निसर्गाचे काही गूढ नसून निव्वळ भूमिती आहे. बैलगाडीच्या साठ्यात लहानमोठ्या लांबीचे वासे कसेही टाकले तरी मधल्या भागातून जाणारे वासे टोकांपेक्षा अधिकच भरतील. तसे पायथा आणि माथा या दोन भिंतींमध्ये प्रत्येक जातीचा उंचीचा पल्ला कोठेही बसवला तरी मध्यावर पल्ल्यांची दाटी होणारच. अमेरिकेचे रॉबर्ट कॉलवेल यांनी ही मांडणी पुढे नेली. मला ती चतुर वाटते, पण पटत नाही, निदान साल्हेरवर तरी नाही. साल्हेरचा पायथा ही भिंत नव्हे. तेथून खाली नामपूरपर्यंत, नामपूरहून मालेगावपर्यंत जमीन उतरतच जाते, आणि शिपाई बुलबुलाला मुल्हेरच्या खाली कोणी अडवलेले नाही. त्याला तिकडे जायचेच नाही.

क्रिस्टी मॅकेन या विदुषीने २००९ साली जगातल्या अनेक पर्वतांवरील पक्ष्यांचा एकत्र अभ्यास करून जो निष्कर्ष काढला तो मात्र या वाटेवर चालताना माझ्या पायांना पटत गेला. ज्या पर्वतांचा पायथाच आर्द्र आहे तेथे सर्वाधिक जाती तळाशी असतात आणि वर जावे तसे त्या घटतात. ज्या पर्वतांचा पायथा शुष्क आहे तेथे फुगवटा मध्यावर सरकतो, कारण ऊब आणि पाणी या दोहोंची गाठ तेथे पडते. खाली ऊब आहे तर पाणी नाही, वर पाऊस आहे तर ऊब, माती आणि आडोसा नाही. बागलाण हे या नियमाचे नमुनेदार उदाहरण मानायला हरकत नाही. दर हजार मीटरांमागे हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशेबाने नामपूर आणि साल्हेरचा माथा यांच्यात सात अंशांचा फरक पडतो. पण नामपूरचीच पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार घेतली तर तीस अंशांचे अंतर सहज भरते, आणि तेथली साळुंकी ते दोन्ही सोसते. जी साळुंकी एका वर्षात तीस अंश पचवते तिला सात अंशांची थंडी डोंगरावर चढू देत नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे. १९६७ साली डॅनियल जॅन्झेन यांनी असे मांडले होते की उष्ण कटिबंधातील प्राण्यांना बारमाही एकसारख्या हवेची सवय असल्यामुळे तेथल्या खिंडी त्यांना प्रत्यक्षाहून उंच वाटतात. कोस्टारिकेच्या दमट रानाला तो न्याय लागू असेल. आमच्या दख्खनच्या पठारावर ऋतूंनीच प्राण्यांना इतके बडवून घडवले आहे की केवळ थंडीची खिंड त्यांना ठेंगणी वाटावी. येथे उंची म्हणजे थंडी नव्हे, येथे उंची म्हणजे पाणी.

शिवाय आणखी एक गोष्ट, जी या शास्त्रज्ञांच्या ध्यानीमनीही नसेल. साल्हेरचा हा उतार म्हणजे किल्ल्याचा घेरा. १६७२ च्या फेब्रुवारीत येथेच मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इखलासखान व बहलोलखान यांच्या मोगली फौजेचा खुल्या मैदानात पराभव केला, आणि सूर्यराव काकडे कामास आले, ही हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडाच्या घेऱ्यातील झाडी जतन करावी, वाढवावी, तीतून काडी तोडू देऊ नये अशी ताकीद आहे, याकडे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने कोणी फारसे पाहत नाही. हेतू लष्करी होता, पक्षी वाचावेत हा नव्हे. तरीही डोंगराचा मधला पट्टा पुढेमागे नांगरापासून आणि कुऱ्हाडीपासून थोडाफार बचावला तो उतार तीव्र म्हणून, आणि काही अंशी ही शिस्त होती म्हणून, असे मला वाटते.

खिंडीनंतर कातळकोरीव पायऱ्या आणि दरवाजे लागतात. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, त्यामुळे तो उताराने चढत नाही, पायऱ्यांनी चढतो. उभा कडा, मग सपाट माची, पुन्हा कडा. आल्प्स किंवा हिमालयासाठी केलेले आलेख येथे जसेच्या तसे बसत नाहीत ते यामुळे, कारण दहा मीटरांच्या उंचीत येथे घर पूर्णपणे बदलते. झाडीतला थवा जेथे थांबला तेथून हातभर वर कड्याचे राज्य सुरू झाले. धुरकट रंगाच्या पाकोळ्या कातळाला घासत उडत होत्या, त्यांची मातीची घरटी दरवाजाच्या कमानीखाली चिकटलेली. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळांच्या काळ्या झुली लोंबत होत्या, आणि वाटाड्याने ओठांवर बोट ठेवून आम्हाला त्यांच्याखालून मुकाट्याने नेले. वर गुहांची रांग आहे. आत वटवाघळांचा तो ओळखीचा उग्र वास. या कड्यांवर पूर्वी गिधाडेही बसत, असे वाटाड्या सांगत होता. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडे मरतात हे २००४ साली सिद्ध झाले, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. साल्हेरवर त्या दिवशी एकही दिसले नाही.

माथ्याचे पठार विस्तीर्ण आहे. गंगासागर तलाव, काठावर रेणुकेचे देऊळ, पडक्या वाड्यांची जोती, आणि कमरेइतके गवत, त्यात पिवळ्या सोनकीचे ताटवे. तळ्यावर चतुरांची गस्त आणि काठाशी बेडकांच्या उड्या. तिसऱ्या रकान्यात नावे थोडी पडली, पण ती पहिल्या दोन रकान्यांत फारशी नव्हती. वाऱ्यावर एका जागी पंख थरथरवीत तोललेली खरूची; जोत्याच्या दगडावर उत्तरेकडून नुकताच आलेला निळा कस्तूर; गवताच्या शेंड्यावर युवराज, काळ्या अंगाचा, तांबूस पंखांचा, डोक्यावर खराच राजपुत्राला शोभेल असा तुरा; आणि मलबारी चंडोल, जो पायांपासून चार हातांवरून उडाला, गात गात चढला, आणि दगड टाकावा तसा गवतात उतरला. खालच्या माळावर चंडोल होतेच, पण हा त्यांचा डोंगरी भाऊबंद. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि माथ्यांवर याचा संसार.

परशुरामाचे छोटेसे देऊळ ज्या टेकाडावर आहे ते साल्हेरचे सर्वोच्च टोक. येथूनच परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण निर्माण केले अशी श्रद्धा आहे. जोत्यावर बसून भाकरी सोडली, तेव्हा फुलपाखरांचा एक प्रकार ध्यानात आला. येथे ना फुले धड, ना झाड, ना पाणी, तरी पाचसहा जातींची फुलपाखरे त्या टीचभर जागेवर घिरट्या घालीत होती. एक निळे-काळे फुलपाखरू जोत्याच्या कोपऱ्यावरचा एक विशिष्ट दगड धरून बसले होते. दुसरे कोणी आले की उसळायचे, दोघेही गोल गोल फिरत उंच जायची, आणि अर्ध्या मिनिटात हे पुन्हा त्याच दगडावर, तोंड त्याच दिशेला. माझ्या वाटाड्याने भाकरीचा तुकडा हवेत उडवला तर त्याच्यावरही ते धावून गेले. अनेक जातींचे नर असे डोंगरमाथे अडवून बसतात आणि माद्या जोडीदाराच्या शोधात उतारावरून वर येतात; विरळ वस्तीच्या जातींना भेटीची जागा म्हणून शिखरासारखी दुसरी सोईची खूण नाही. म्हणजे मी तिसऱ्या रकान्यात ज्यांची नावे घातली त्यांतले कित्येक वाढले होते दुसऱ्या रकान्याच्या झाडीत. माथ्यावरील जातींची गणना करणाऱ्याने रहिवासी कोण आणि लग्नाला आलेले कोण हे आधी विचारून घ्यावे हे बरे.

पश्चिमेला डांगचे रान हिरव्या लाटांसारखे पसरलेले होते. त्या रानात एके काळी शेकरूची एक फिकट, जवळजवळ पांढुरकी उपजाती राहत असे. ब्लॅनफर्डने १८९७ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले, आणि आता ती नामशेष झाली असे मानले जाते. भीमाशंकरचे शेकरू आपण राज्यप्राणी म्हणून मिरवतो, त्याचा हा गोरा भाऊ शास्त्राच्या वहीत दाखल झाल्यावर शंभर वर्षेही टिकला नाही. पूर्वेला तोंड केले तर मोसमचे खोरे, धरणाचे चकाकते पाणी, आणि त्यापलीकडे करड्या धुरळ्यात बुडालेली सपाटी. नाशिक-खानदेशच्या त्या माळांवर माळढोक होता, तणमोर होता, काळविटांचे कळप होते आणि त्यांच्यामागे लांडगे होते. काळवीट आता जिल्ह्यात येवल्याकडे ममदापूरच्या राखीव माळावर पाहायला मिळतो. माळढोक या भागातून गेला तो गेलाच.

या दृश्याने माझ्या तिन्ही रकान्यांची बेरीजच संशयास्पद करून टाकली. मधल्या रकान्यात सर्वांत अधिक नावे होती हे खरे. पण त्यात डोंगराचा वाटा किती आणि पहिल्या रकान्यातून आपण खोडलेल्या नावांचा वाटा किती? हा प्रश्न केवळ हळवेपणाचा नाही. पिरेनीज पर्वतावरील वनस्पतींच्या अभ्यासातून २००८ साली असेच दिसून आले होते की माणसाने तळाची जमीन ओरबाडली म्हणजे आलेखाचे खालचे टोक खचते, आणि मध्यावरचा फुगवटा आपोआप ठळक होतो. गायराने मोडून कांदा आला, पोटखराब्यावर विहीर पडली, ओढ्याकाठचे बाभूळबन सरपणात गेले, आणि मग आम्ही दुर्बीण घेऊन डोंगरावर जातो व म्हणतो की जीवसृष्टीला मध्यम उंची मानवते! वसूल किती ते दिसते, बाकी किती थकली ते लिहिलेलेच नसते. आणि तरीही फडाखालची ती ओली रेघ आठवली की हा तक्रारअर्जही सरसकट दाखल करता येत नाही, कारण तेथे माणसानेच पाणी फिरवले आणि पाखरे आली.

उलट दिशेचा धोकाही आहेच. बोर्निओतील किनाबालू पर्वतावर १९६५ मध्ये मोजलेले पतंग २००७ साली पुन्हा मोजले, तेव्हा ते सरासरीने ६७ मीटर वर सरकलेले आढळले. पेरूमध्ये पँतिआकोया नावाच्या एका डोंगरावर १९८५ मध्ये पाहिलेले माथ्यावरचे काही पक्षी २०१७ मध्ये तेथे नव्हतेच. हवा तापत गेली, ते वर सरकत गेले, आणि डोंगर संपला. निलगिरी-अनैमलैच्या उंच माथ्यांवरच्या शोला रानांत जे पक्षी अडकून पडले आहेत त्यांच्याविषयी हीच चिंता अभ्यासक व्यक्त करतात. साल्हेरवर शोला नाही. पाऊस चारच महिने आणि उंचीही तेवढी नाही. युवराज उताराच्या झुडपांतही राहतो, खरूची हिवाळ्याची पाहुणी. त्यामुळे येथे असा निकाल लवकर लागेल असे मी म्हणत नाही. मलबारी चंडोलाला मात्र परशुरामाच्या देवळाच्या वर जागा नाही, एवढे उघड आहे. ११ मराठा किल्ल्यांबरोबर साल्हेरचे नाव २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. माथ्यावरच्या गवताचा विचार तटबंदीच्या डागडुजीच्या वेळी व्हावा, कारण पर्यटकांसाठी फरशी घातली की चंडोलाचे घर गेले.

उतरताना आम्ही साल्हेरवाडीची वाट धरली. वाटाड्याला मी वहीचे तीन रकाने दाखवून सारे समजावून सांगितले. कोण कोणत्या उंचीवर थांबतो, का थांबतो, शास्त्रज्ञांचे म्हणणे काय. त्याने मन लावून ऐकले. मग म्हणाला, "गुरुजी, बिबट्याला कुठं लिवलं?"

मी विचारले, तू कोठे पाहिलास? त्याने पहिल्यांदा खिंडीचे नाव घेतले. मग म्हणाला, चैत्रात तो वर रेणुकेच्या तळ्यावर पाण्याला येतो, गुराख्यांनी माग पाहिला आहे. मग म्हणाला, गेल्या साली त्याच्या मेहुण्याची शेळी नेली ती खाली उसातून. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. माझ्या स्नेह्यांनी पुस्ती जोडली की नामपूरच्या शिवारातही त्याचे ठसे निघाले होते, मक्याच्या फडात. मी टेकून बसलो, पेन्सिल काढली, आणि तिन्ही रकान्यांत बिबट्या लिहिला. वाटाड्याने खात्री करून घेण्यासाठी वहीत डोकावून पाहिले आणि पुढचा उतार चालू लागला.